पाठीतली सुई

सोमवार, दिवेलागण

न्हाई गं, तुज्या बापाला असलं काईच नव्हतं, असं म्हणले मी आज सुनीताला. दवाखान्यात, डॉक्टरसमोर. पोटची लेक हाय ती. कावून म्हणले असं?

तिची बोटं हलतेत. मी वरून हात दाबून धरला तरी हलतेत. डॉक्टर म्हणला, "मावशी, हे आई-बापाकडून येतं. एक जीन बिघडलेला असतो, त्याला गप करायचं औषध निघतंय. पण गोळीनं ते मेंदूत पोचत न्हाई, पाठीच्या मणक्यात सुईनं सोडावं लागतं. आजून चाचणीच चालू हाय."

मी म्हणले, "गप करायची सुई माज्या सासूच्या टायमाला कुटं होती, सायब?"

डॉक्टर हासला. सुनीताबी हासली. बोटं हलतच होती.

मग त्यानं इचारलं, "वडलांना होतं का? खरं सांगा, त्यावरच पुढची तपासणी ठरंल."

मी म्हणले, मालक दारूनं गेले. सगळ्या गावाला तेच ठाऊक हाय. त्यांचा तोल जायचा, हात उडायचे, लोक बेवडा म्हणायचे.

मालकांनी थेंबबी घेतला न्हाई कदी. बीडच्या डॉक्टरनं तवाच सांगितलं होतं, हे लेकरात उतरू शकतं. बेवड्याच्या लेकीला स्थळ मिळतं, असल्या दुखण्याच्या लेकीला न्हाई. म्हणून सोयरे पाव्हणे यायच्या आदी रिकामी बाटली मीच मालकांच्या बाजंखाली ठिवली.