गप्प झालेली चेन

अहो,

प्रभादेवीला आईकडे जाऊन येते, तिन्हीसांजेला परत. भाकरी झाकून ठेवलीय. उभ्याउभ्या खाऊन पळू नका.

सायकलच्या चेनला खोबरेल कुणी घालतं का? ते काय केस आहेत? थंडीत ते थिजलं, त्यावर कापसाची तुसं बसली आणि चेन अशी करकरायला लागली की नाक्यावरच्या पोलिसानेही मान वळवावी. आणि पिशवीत संयुक्त महाराष्ट्राची पत्रकं! मी रॉकेलने सगळं पुसून शिवणयंत्राचं पातळ तेल घातलंय. कोरड्या दिवसांत तेच घालायचं. गिरणीतलं जाड तेल पावसाळ्याला ठेवा, ते पाण्याने धुऊन जात नाही.

जाऊ नका असं मी म्हणणार नाही. म्हटलं तरी तुम्ही कुठे ऐकताय!

आता चेन गप्प आहे. पोलिसाला कळणार नाही, पण मलाही कळणार नाही. ती करकर चाळीच्या फाटकाशी ऐकू आली की माझा जीव भांड्यात पडायचा. तेव्हा फाटकातून आत आलात की घंटी वाजवा. शेजारी शिव्या देतील, देऊ देत.

— सुभद्रा