वन्स, वही जळली नाही

प्रिय वन्स,

रागावू नका, पेन्सिलीनं लिहिते आहे. पेन धरला की माझी बोटं आखडतात. चौथीच्या अर्ध्यातून उठवलेली मी. जी काही अक्षरं येतात ती लग्नानंतर तुम्हीच सोप्यावर बसवून गिरवून घेतलेली. तेव्हा चुकलंमाकलं तर शिकवणी तुमचीच कच्ची!

तुम्ही गेलात त्याला दोन वर्षं झाली. आज लिहायचं कारण आनंदाचं आहे आणि लाजेचंही. आनंदाचं आधी सांगते. आपल्या शामलनं, माझ्या नातीनं, तुमच्यावर कादंबरी लिहिली! राजकारण, पाठलाग, भानगडी, सगळं आहे त्यात. रोज दुपारी वाचून दाखवायची आणि माझी भाजी चुलीवर करपायची. फक्त एक सांगू? तिनं तुम्हाला पुरुष केलंय. मिशा दिल्यात, मोटारसायकल दिलीय. मी म्हटलं, "अगं, आमच्या वन्स छत्री नि जेवणाचा डबा घेऊन बसनं हिंडायच्या!" तर म्हणते, "आजी, अशा गोष्टीत डबा चालत नाही." का चालू नये हो?

डिचोलीच्या बाजारात माडीवर तुमची ती खोली आणि बाहेर पाटी, 'खासगी तपास'. लोक हसायचे. मीही हसले आहे. मुलगा पितो का, आधी कुठं लग्न करून बसलाय का, असल्या सोयरिकीच्या चौकशा. पण शेजाऱ्याला कधी विचारलं नाहीत. पोदेराला विचारायचात. "वयनी, शेजारी मन राखून बोलतो. पाववाल्याला मात्र घरात तोंडं किती ते ठाऊक असतं."

मग पेडण्याचं ते स्थळ आलं. मुलाकडचे म्हणाले, मोप्याकडच्या पठारावर आमची जमीन आहे. तुम्ही कागद बघायला गेलात तर जमीन केव्हाच विकलेली, आणि विक्रीखतावर सही मुलाच्या आजोबांची. आजोबा त्याच्या कितीतरी आधी वारलेले! एक सापडलं म्हणून दुसरं शोधलंत. पठारावर मेलेली माणसं ओळीनं सह्या करून गेलेली, आणि जमीन फिरून फिरून एकाच पुढाऱ्याच्या भाच्या-पुतण्यांच्या नावावर. कुठला कागद कुठं बघायचा, कुणाचा मृत्यूचा दाखला कुठं मिळतो, सगळं तुम्ही निळ्या वहीत उतरवलंत.

आता लाजेचं. तेव्हा माझा संदीप नुकताच सरकारी नोकरीला लागला होता. कायम व्हायचा होता. एक दिवस कुणी तरी त्याला वाटेत थांबवून म्हणालं, "आत्येला आवर, बाबा." झालं! तुम्ही पणजीला गेलात तशी मी ती वही उचलली, आणि संध्याकाळी तुम्ही शोधायला लागलात तेव्हा म्हटलं, "निळी? ती रद्दीबरोबर न्हाणीच्या चुलीत गेली हो." तुम्ही पायरीवर बसून राहिलात. त्या दिवशी माशाची कढी केली होती, तुमच्या आवडीची. तशीच राहिली.

वन्स, वही जळली नव्हती. माझ्या उशीत होती, सावरीच्या कापसात.

शेवटच्या दुखण्यात तुम्ही विचारलंत, "वयनी, खरंच जळली गे?" आणि मी परत "जळली" म्हटलं. साऱ्या तालुक्याचं खोटं पकडणाऱ्या तुम्ही, माझं कसं पकडलं नाहीत? की पकडलं होतंत? तसं असेल तर बोलायचं होतंत की हो एकदा!

तुमच्या मागं मी ती वही शामलला दिली. तिच्यातूनच कादंबरी झाली. वाचनालयात तिनं तुमच्या वहीचं सांगून दोन प्रकरणं वाचली, टाळ्या पडल्या, आणि आठवडा नाही झाला तोच दारात पांढरी गाडी. एक गृहस्थ. "मी प्रकाशक. कादंबरी आम्ही छापणार." शामल तर हवेतच! मला मात्र तो आवडला नाही. कादंबरीत पुढं काय होतं ते एकदाही विचारलं नाही, वहीचं तीनदा विचारलं. "असेल कुठं तरी, शोधते," म्हणून मीच टाळलं. छापणाऱ्याला मूळ वही कशाला हवी? चहा बिनसाखरेचा घेतला. साखरेचं दुखणं म्हणे. मुळगावात मावशीच्या घरी उतरलोय म्हणाला, तळीजवळच्या.

शामलनं करार वाचून दाखवला. वहीसकट सगळे कागद त्याच्याकडे, आणि पुस्तक कधी काढायचं ते तोच ठरवणार. मी म्हटलं, "आणि त्यानं ठरवलंच नाही तर?"

"आजी, तुला प्रत्येकात चोरच दिसतो! माझं पहिलं पुस्तक आहे गं."

दुसऱ्या सकाळी भोंपू वाजला तशी मी फाटकात. आपला मिंगेल पोदेर मुळगावलाही पाव घालतो. "तळीजवळच्या घरात कोण उतरलाय रे?"

"थंय? आजी, तें घर बंद. दोन पावसाळे झाले, एक उंडो पावसुद्धा दिलेलो ना."

"मग तो पांढऱ्या गाडीचा?"

"तो? तो पुढाऱ्याच्या बंगल्यार आसा. साखर आसा म्हणून रोज कोंड्याचो पाव मागता."

पुढारी कोणता, ते तुम्हाला सांगायला नको. माझा जीव थाऱ्यावर नव्हता, पण खरं सांगू? थोडी मजाही वाटली. तुम्हाला रोज असंच वाटायचं का हो?

शामलला सांगितलं तर म्हणाली, "पाववाल्याच्या बोलण्यावर मी पुस्तक सोडू?" सोमवारी तो करार घेऊन आला. ती पेन उघडून बसली. मी लाडवांची बशी घेऊन गेले आणि म्हटलं, "वहीचं विचारत होता ना? ती जळली. मीच रद्दी समजून न्हाणीच्या चुलीत घातली. अडाणी बाई मी."

शामल माझ्याकडे बघतच राहिली. तो म्हणाला, "नक्की?"

"ह्या हातांनी."

वन्स, त्याचा चेहरा बघायला हवा होतात! हसला, पाय पसरून बसला, दुखणं विसरून चार लाडू खाल्ले. मग करार अलगद उचलून पिशवीत घातला. "पुस्तकाचं बघू पुढं कधी तरी. सध्या छपाईला गर्दी आहे." शामलच्या हातातलं पेन तसंच उघडं.

गाडी गेल्यावर ती म्हणाली, "आजी, त्यानं माझी कादंबरी वाचलीच नव्हती." रडली बिचारी. खूप रडली. मग उठून कपाटातून वही काढली आणि पणजीच्या एका वकीलबाईंना फोन लावला.

उद्या आम्ही दोघी पणजीला जातो आहोत. संदीप घाबरलाय. त्याची नोकरी राहील की कुठं लांब बदली होईल, मला सांगता येत नाही. वही आधी तिथं पोहोचू दे. वकीलबाई विचारतील, इतकी वर्षं ही होती कुठं? शामल म्हणते, "आजी, जुन्या सामानात सापडली म्हणून सांग." नाही सांगणार. मी लपवली, का लपवली, आणि तुम्ही विचारत असताना दोनदा खोटं बोलले, हे त्यांच्यापुढं सांगेन आणि खाली माझ्या हातानं सही करीन. हा माझा शब्द.

तुमची,
वयनी