कडुनिंबाची पेटी

३ फेब्रुवारी १९६२, शनिवार. नळदुर्ग

आज जग बुडणार म्हणे. आठ ग्रह एका राशीत आलेत. वेशीपाशी मांडव, हवन, तुपाचा धूर शाळेपर्यंत. माझ्या वर्गात मोजकीच पोरं, तीही खिडकीतून आभाळाकडे बघत बसलेली. मी पाढे म्हणायला लावले. जग बुडायच्या आत तेराचा पाढा तरी पाठ होऊ दे.

सासरे ओसरीवर, बाजेवर. सगळी उमर खेडोपाडी सुवार्ता सांगत हिंडले. आता गुडघे गेले, सवय गेली नाही. रस्त्यानं जाईल त्याला हाक मारून विचारतात, "तयार हाय का रं?" एरवी लोक हसून पुढे जातात. आज थांबून ऐकत होते. कासारीण तर रडायलाच लागली. मी म्हटलं, बाबा, कशाला घाबरवता बाईला? म्हणाले, "म्या कुठं घाबरवतोय? तारीख जोश्यानं काढली. म्या फकस्त विचारतोय."

न्हाताना डाव्या छातीत, काखेच्या अंगाला, गाठ लागली. हरभऱ्याएवढी. दुखत नाही. पुन्हा चाचपली. आहे.

यापुढे इथं गाठीला नुसतं ग. लिहीन. लेक करू दहाची झाली, माझं अक्षर लागतं तिला.

४ फेब्रु., रवि.

जग आहे. चर्च मात्र नाताळाला भरतं तसं भरलेलं. पाळकसाहेबांनी दहा कुमारींचा दाखला घेतला. नवरदेवाला उशीर, पाच जणींच्या दिव्यातलं तेल संपलं, बाकीच्या पाच शहाण्या, त्यांनी दिलं नाही, दार बंद. मला लहानपणापासून त्या शहाण्यांचा राग येतो. जेवताना बाबांना म्हटलं, घोटभर दिलं असतं तर काय बिघडलं असतं? शेजारीण फोडणीपुरतं मागायला आली तर आपण नाही का देत?

"ते तेल उसनं देता येत न्हाय, मार्था. ज्याचं त्यानंच भरायचं. जलमभर हेच तर सांगत आलो."

मी म्हटलं, मग शहाण्या कसल्या, चिकट्याच की. करू फिसकन हसली. बाबांनी ताट सारलं.

ग. आहे.

६ फेब्रु.

ग्रह पांगले, मांडव उतरला. हे ट्रक घेऊन हैदराबादला गेले, सोलापुरी चादरींचा माल. जाताना म्हणाले, "जग बुडलं न्हाय, आता टायर बदलावंच लागंल." मी सांगणार होते. ओठावर आलं होतं. पण वळणावळणाच्या रस्त्यावर रात्रंदिवस गाडी हाकणाऱ्या माणसाच्या डोक्यात असलं काही घालू नये.

हे खरं कारण की बहाणा, ते देवाला माहीत.

१३ फेब्रु.

दवाखान्यातल्या सिस्टरला दाखवलं. बाई एरवी बोलायला लागली की थांबत नाही. चाचपता चाचपता गप्प झाली. हात धुऊन म्हणाली, "मास्तरीणबाई, सोलापूरला मोठ्या डॉक्टरला दाखवा. लवकर."

लवकर म्हणजे काय ते विचारलं नाही. परत येताना बाबांनी ओसरीवरून नेहमीचंच, "काय मार्था, तयार हाय का?" इतकी वर्षं मी हसून "भाकरी तयार आहे" म्हणते. आज मी म्हणाले, डोकं दुखतंय, आणि आत गेले.

१६ फेब्रु.

बाबांनी स्वतःच्या शवपेटीचं आता खरंच मनावर घेतलंय. दोन वर्षांपूर्वी चर्चच्या मंडळीतले वडीलगुरुजी गेले तेव्हा ऐनवेळी लाकूड मिळालं नाही. चहाच्या खोक्यांच्या फळ्या ठोकून पेटी केली. कुशीवर कंपनीचं नाव तसंच. बाबांना ते फार लागलं. "प्रभूचा मळा राखणारा मानूस, अन् गेला मालाच्या खोक्यात." परसातला कडुनिंब वाऱ्यात पडला, त्याच दिवशी म्हणाले, ही माझी पेटी.

महादू सुतार आज आला. फळ्या कापायला कबूल, पण माप घ्यायला नाही. "जित्या मानसाचं माप म्या घेत न्हाय बाबा. पाप लागंल मला." बाबा म्हणाले, मी आडवा पडतो, तू डोळे मीट. महादूनं कानाला हात लावला. दोघांची चांगली जुंपली. शेवटी "बघतो कायतरी" म्हणून गेला.

इतकं मोकळेपणानं मरणाबद्दल बोलणारं घर. आणि मी पदर घट्ट लपेटून वावरतेय.

२० फेब्रु.

सोलापूर. घरी सांगितलं, शाळेच्या कामाला जाते. डॉक्टर म्हातारे, शांत. म्हणाले, काढून बघावी लागेल. साधी असली तर टाके घालून आठवड्यात घरी. नसली तर... मग सगळीच बाजू काढावी लागेल, आणि त्यानंतरचं त्यानंतर. "मालक कुठं असतात?" ट्रकवर, म्हटलं. "त्यांना घेऊन या. मार्चचा मध्य ओलांडू नका."

येताना एस.टी.त खिडकीशी बसले. सगळीकडे ज्वारीची काढणी. उभी ताटं, आडवी ताटं. आपलं आयुष्य गवताच्या फुलासारखं हे मीच रविवारच्या शाळेत पोरांना शिकवते, फळ्यावर फूलसुद्धा काढते. किती सोपं काढते मी ते फूल.

भीती वाटते. इथं तरी लिहिते. फार भीती वाटते. मरणाची म्हणावी तर तशी नाही. करूच्या वेण्या कोण घालील याची.

२६ फेब्रु.

पेटी आली. आखूड!

बाबा हट्टानं काठी टेकत उठले, शेजारच्या दोघांनी धरून आत निजवलं. पाय कडेवरून बाहेर. महादूनं, बाबा झोपलेले असताना, गुपचूप त्यांच्या बाजेचं माप घेतलं होतं! बाबा ताडमाड, बाज लहान, म्हणून वर्षानुवर्षं पाय पोटाशी घेऊन झोपतात. ते त्याला काय ठाऊक.

"व्हय रं महाद्या, देवापुढं काय उकिडवा जाऊ?"

महादू म्हणाला, "मानसाचं माप न्हाय घेतलं ना, बाजंचं घेतलं. बाजंला कसलं पाप?" ओसरीभर हशा. मीही हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. पुढच्या निंबाच्या फळ्या मिळाल्या की दुसरी करून देतो म्हणाला. ही तोवर मधल्या खोलीत.

हसताना एक गोष्ट दिसली आणि हसू थांबलं. ती मी कुणाला बोलले नाही. माझ्या उंचीच्या बाईला ती बरोबर बसेल.

४ मार्च, रवि.

लिहू की नको.

डोकं दुखतंय म्हणून उपासनेला गेले नाही, करूला शेजारणीबरोबर पाठवलं. बाबा ओसरीवर झोपलेले. चर्चमधलं गाणं इथपर्यंत ऐकू येत होतं. मी मधल्या खोलीत गेले. पेटी पुसली. मग चपला काढल्या आणि आत जाऊन निजले.

बसली. डोकं, खांदे, पाय. सगळं बसलं. कडुनिंबाचा वास. वर आढ्याला करूची जुनी झोळी बांधायची कडी. एवढा आयुष्यभर शास्त्राचा अभ्यास केला, म्हटलं बघू तरी काय वाटतं. देव जवळ आलाय असं वाटेल अशी आशा होती. तसलं काही झालं नाही. राग आला. इतका राग, की हाताच्या मुठी फळ्यांवर लागल्या.

डोळे उघडले तर दारात बाबा. काठी नाही, भिंत धरून उभे. मला वाटलं, ओरडतील. नाही तर आता तरी तो प्रश्न विचारतील. त्यांनी नुसतं विचारलं, "काय झालंय, पोरी?"

तिथंच, पेटीत उठून बसून, सांगितलं. सासऱ्याला सांगायची गोष्ट नव्हे. डॉक्टर काय म्हणाले तेही सांगितलं. बाबा भिंतीला टेकून खाली बसले. म्हणाले, "माझी पाळी हाय. तुझी न्हाय." मग आणखी जोरात, मला नव्हे, वर बघून: "माझी पाळी हाय!"

त्यांचा आवाज असा कधी ऐकला नव्हता.

५ मार्च

बाबांनी आज कुणालाही हाक मारली नाही. कासारीण स्वतःहून थांबली, "बाबा, आज इचारलं न्हाई?" बाबांनी हात हलवला, जा म्हणून.

सकाळच्या प्रार्थनेत नेहमी ते बोलतात, आम्ही आमेन म्हणतो. आज सुरुवात केली, थांबले, पुन्हा केली. शेवटी करूला म्हणाले, तू म्हण. तिनं शाळेतली म्हटली, दूध, भाकर, आईबाप, सगळ्यांची.

मला वाटायचं या माणसाला मरणाचं काहीच वाटत नाही. स्वतःच्या मरणाचं नसेलही.

९ मार्च

हे आले. मी सांगायच्या आत बाबांनीच ओसरीवर बसवून सांगितलं. हे आत आले ते चपलांसकट. "मला का न्हाय सांगितलं?" भांडले माझ्याशी. मग चुलीपुढं बसून भाकरी थापायला लागले. एक भाकरी करपली, ती स्वतःच खाल्ली. म्हणाले, ट्रक दुसऱ्याला दिलाय. चौदाला जायचं.

बरं वाटलं. भीती तेवढीच आहे, पण आता ती घरात आहे, एकट्या माझ्या पदराखाली नाही.

१२ मार्च

मुरूमहून भावानं नवी ज्वारी पाठवली, दोन पोती. शाळेतून आले तर मधल्या खोलीत बाबा जमिनीवर फतकल मारून. पोत्याचं तोंड उसवलेलं, हातात चिपटं, आणि ज्वारी भरताहेत. पेटीत! वाकायचं, भरायचं, ओतायचं. घामानं सदरा भिजलेला. करू निंबाचा पाला आणून देतेय.

म्हटलं, बाबा, हे काय? कणग्या रिकाम्या आहेत की!

"निंबाची पेटी हाय. किडा लागत न्हाय."

"अहो पण..."

"भरली आता. आत जागा न्हाय." वर बघितलं नाही. "कुणालाच जागा न्हाय हिच्यात. ही ज्वारी पाखडलेली न्हाय, खडे हायेत. तू आल्यावर पाखड."

मी मदतीला बसले तर हात झटकला. काठोकाठ भरली, तळव्यानं वरून सारखी केली, मगच उठले.

१४ मार्च

एस.टी. सकाळची. करू शेजारणीकडे राहील. तिच्या वेण्या मी आज फार घट्ट घातल्या, "आई, दुखतंय" म्हणाली तरी. पाळकसाहेब येऊन प्रार्थना करून गेले: प्रभू आपल्या दासीला सिद्ध कर. बाबांनी आमेन म्हटलं नाही. मी ऐकत होते, त्यांनी नाही म्हटलं.

निघताना बाबांच्या पाया पडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला. हे फाटकातून घाई करत होते. मग वाकून, फक्त मला ऐकू जाईल असं:

"मार्था, त्या दिव्याचं... तुझ्यात कमी पडलं तर माझ्यातलं घे. सगळं घे."

मी म्हटलं, बाबा, ते उसनं देता येत नाही ना?

"म्या देतो. शास्त्राचं काय ते म्या बघून घेईन."

गाडीत बसल्यावर रडले. यांनी खिडकी लावली, वाऱ्याचं निमित्त करून.

१५ मार्च, गुरु. सोलापूर

सकाळ. पोटात पाणीसुद्धा नाही. हे बाहेर बाकावर. इथल्या खिडकीतून एक भिंत दिसते आणि भिंतीवर कावळा.

प्रार्थना केली. लांबलचक जमली नाही. प्रभू, तू जिथं असशील तिथं मला यायचंच आहे, ते ठरलेलं आहे, मी मागे फिरत नाही. पण ज्वारीत खडे आहेत. एवढंच.

देवानं ऐकलं असेल तर हसला असेल. की बाबांच्या आवाजापुढे माझा ऐकूच गेला नसेल.

आताच सिस्टर डोकावली, हिरवा झगा घेऊन. "चला बाई, तयार ना?"

मी "नाही" म्हटलं, आणि झगा घ्यायला हात पुढे केला.