सी प्लस प्लस, जावा आणि लोणी देवकर

शेळगाव, ता. इंदापूर
जून १९९९

प्रिय मनिषा,

परवा एसटीडी बूथवरून तुला ठणकावून सांगितलं, लोणी देवकरच्या कारखान्याची नोकरी घे, कॉम्प्युटरच्या भाषांत सी प्लस प्लसच खरी. तेव्हापासून माझंच डोकं गरगरतंय. बंगलोरच्या कंपनीला जावा हवी, इकडच्यांना सी प्लस प्लस, आणि पुढच्या सोमवारी तुला एकीकडं होकार द्यायचाय. ज्याला घरचा टेपरेकॉर्डर धड लावता येत नाही त्याचा सल्ला तू मागावास, ही तुमच्या कॉलेजची प्रगती!

काल मुद्दाम बारामतीला जाऊन कॉम्प्युटर क्लासच्या विजयसिंह सरांना गाठलं. ते म्हणाले, सी प्लस प्लसमध्ये मशीनच्या मेमरीतली वापरून झालेली जागा आपली आपण मोकळी करायची, विसरलात तर मशीन अडतं. जावात मागून झाडणारा असतो. हॉस्टेलवरची तुझी खोली मी पाहिलीय, म्हणून मत जावाला दिलं. मग निघाल्या लायब्रऱ्या, म्हणजे तयार सामानाचे संच. सी प्लस प्लसमध्ये पडद्यावर साधी खिडकी काढायची तरी प्रत्येक कंपनीचा संच वेगळा, एकाचं दुसऱ्याला बसत नाही. लग्नात चार घरांतून मागून आणलेल्या पातेल्यांना झाकणं शोधावीत तसं. जावा म्हणजे भांड्यांसकट येणारा आचारी, फक्त वाढायला उशीर लावतो. झालं, मत पुन्हा सी प्लस प्लसला. एसटीत बसेपर्यंत मी इतके पक्ष बदलले की तालुक्यातल्या पुढाऱ्यांनी मला गुरू करावं.

घरी आल्यावर तुझ्या आजोबांना सांगून पाहिलं. म्हटलं, आबा, सी प्लस प्लसचा प्रोग्रॅम एका जातीच्या मशीनसाठी बांधला की दुसरीवर चालत नाही. जावाचा म्हणे कुठंही चालतो. उभी हयात मेंढरांमागं काढलेला माणूस तो; तंबाखू मळता मळता म्हणाला, "मंग आपल्या मेंढरावानी की! कुणाच्याबी रानात बसवा, खतच पडतंय." आणि वर मला टोमणा, "पर लोणी देवकर हितनं लई जवळ हाय, न्हाय का रं?" तुझी आई चुलीकडं तोंड करून हसली.

म्हणून हे पत्र. बूथवाला कान देऊन ऐकतो, तिथं हे बोलता आलं नसतं. सी प्लस प्लसचा मला काडीचा पुळका नाही. लोणी देवकरहून तू संध्याकाळच्या एसटीनं जेवायला घरी आली असतीस, त्या भाषेतलं एवढंच मला नीट कळलं होतं. परवाचं बोलणं विसर. कुठली भाषा चांगली, मला अजून उमगलेलं नाही. तुला उमगेल ते कर. आणि बंगलोरला गेलीस तर खोली तेवढी झाडत जा. तिथं मागून झाडायला आई नसेल.

तुझाच, अजून गोंधळलेला,
अण्णा