मायचं चित्र

वालूर, मार्च १९७७

प्रिय आक्का,

पलटणीतून पाठवलेल्या शेवटच्या पत्रानंतर मी तुला काही लिहिलं नाही. आता मी फौजेत नाही. सेलूला स्टेशनच्या रस्त्यावर माझं दुकान आहे. पाट्या रंगवतो, ट्रकांच्या मागे मोर काढतो, आणि गेलेल्या माणसांची चित्रं काढतो.

लढाई संपल्यावर पलटणीतल्या पडलेल्यांची नावं फळ्यावर लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण पेट्यांवरचे नंबर मीच रंगवायचो. नावं लिहिली. अक्षर वळणदार आलं की वाईट वाटायचं. सुटल्यावर चेहरे काढायचे, हे मी त्या फळ्यासमोर ठरवलं. माय त्याच हिवाळ्यात गेली. तार माझ्यापर्यंत पोचली तेव्हा तिची राखसुद्धा गार झाली होती.

घरी आलो तर बाबांनी बँकेतली पहारेकऱ्याची जागा बघून ठेवलेली. मी नको म्हणालो. ते गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, "लोकायची पोरं फौजेतून येऊन साहेब झाली. आमचं भिताडं रंगवायलंय." दुकानात ते कधी आले नाहीत. देवगाव फाट्यावर ते माझ्या पाटीखाली बसून गाडीची वाट बघायचे. पाटी कुणी रंगवली, हे कुणाला सांगायचे नाहीत.

खेड्यात पुष्कळांचा फोटो कधी निघालेलाच नसतो. मग गेलेल्याच्या घरची सगळी माणसं दुकानात येतात. मी त्यांना ओळीने बसवतो. कपाळ भावाचं घ्या, ओठ पोरीचे घ्या, यावरून त्यांची भांडणं लागतात. अशा उसन्या तुकड्यांतून माणूस उभा करायचा. एकदा एका म्हातारीने नवऱ्याचं चित्र पाहिलं आणि पटकन डोक्यावर पदर घेतला. आपल्याला हे काम येतं, असं मला त्या दिवशी वाटलं.

मायचाही फोटो नव्हता. तिच्यासाठी मी कुणाला बसवलं नाही. आठवणीनेच काढलं. बाबा बघतील आणि निदान एक शब्द बोलतील, एवढीच आशा होती. चित्र घरी आणून तथागतांच्या तसबिरीखाली लावलं. बायका मायचं नाव घेऊन म्हणाल्या, म्हाळसाबाईच बसलीय. सुलाआत्याने हार घातला. बाबा बराच वेळ बघत राहिले. मग उठून बाहेर गेले.

सकाळी हार खुंटीवर होता. आत्या पुन्हा घालायची, बाबा पुन्हा काढायचे. "बायकोला हार घातलेला बघवंना का रे तुला?" आत्या म्हणायची. "जिती होती तवा तरी कुठं गजरा आणलास!" चित्र त्यांना मान्य नाही, असं मी धरून चाललो. एकदा ते उतरवायला गेलो तर त्यांनी माझं मनगट धरलं.

तू स्वतःच्या मनाने लग्न केलंस तेव्हा त्यांनी तुझ्या नावाने अंघोळ केली. मी पलटणीत होतो. मायने कुणाकडून तरी लिहून घेऊन कळवलं. मी परत आल्यावर घरात तुझं नाव एकदाही ऐकलं नाही.

आक्का, बाबा गेल्या पौर्णिमेला गेले. आदल्या सकाळी त्यांना उठवेना. हाराकडे बोट करून, काढ म्हणून मला खुणावलं. मी विचारलं, बाबा, इतकं वाईट काढलंय का मी? ते म्हणाले, "चांगलं काढलंस की. पन कुसुम हाय ती. भुवई बघ. जित्या मानसाला हार घालतेत का?"

मी बघितलं. डाव्या भुवईत छेद होता. तू कापसाच्या गाडीवरून पडलीस तेव्हाचा. मायची भुवई सरळ होती. माय दिवसभर कापसाच्या जिनिंग कारखान्यात असायची. मला न्हाऊ घालायचीस तू, भरवायचीस तू. माझ्या हाताला आईचा म्हणून जो चेहरा ठाऊक होता, तोच त्या हाताने काढला. लोकांचे चेहरे जुळवत बसणाऱ्या मला ते दिसलं नाही. बाबांना पहिल्याच दिवशी दिसलं होतं.

आता त्यांचं चित्र काढायचं आहे. कपाळ माझं चालेल, हनुवटी आत्याची. डोळे तुझ्याकडे आहेत. मायचं चित्रही अजून व्हायचंच आहे. तू ये आणि माझ्यासमोर बस. आत्याला मी काही सांगितलेलं नाही. तू दारात उभी राहिलीस की तिला कळेल. तोवर ती रोज हार घालते, आणि मी रोज सकाळी काढून ठेवतो.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून, तुझाच धाकटा,
पंडित