केशरबाईंची कंबर

६ ऑक्टोबर
शाळेच्या स्काउट-गाइड पथकातल्या मुलींना घेऊन पुन्हा केशरबाईंकडे. मुलगा-सून ऊसतोडीला कर्नाटकात गेलेत, म्हातारी एकटी. मुलींनी पाणी भरलं, अंगण झाडलं. मुख्याध्यापकांना फोटो हवेत — सेवाप्रकल्प म्हणून वर पाठवायला! "बाई, सगळ्यांचे स्कार्फ दिसले पाहिजेत." पाय सुजलेत माझे. घाटनांदूरहून अंबाजोगाईला घरी पोचेपर्यंत जीव जातो.

८ ऑक्टोबर
आज प्रकल्प नव्हता. तरी योगिता एकटीच केशरबाईंकडे गेली, भाकरी करून दिली म्हणे. दहावीत आहे. पथकातली माझी सगळ्यात गुणी पोर.
मी निघताना हळूच म्हणाली, "बाई, मी रविवारी चाल्ले. आई-बापूसंगं. तोडीला."

१० ऑक्टोबर
तिच्या घरी गेले. वडील, रामहरी, कोयत्याला धार लावत बसलेले. "शाळेचं आमाला बी कळतंय, बाई. पन तरनी पोर कुनाच्या भरवशावर ठिवावी? तुमीच सांगा."
माझ्याकडे ठेवते — अगदी ओठावर आलं होतं. दोन खोल्या, अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई... गिळलं. चहा घेतला अन् निघाले. योगिता दारातच उभी होती. तिच्याकडे बघवलं नाही.

११ ऑक्टोबर
डोकं ठणकतंय. लिहावंसं वाटत नाही.

१२ ऑक्टोबर
सुट्टी असून गेले. निरोप तरी द्यावा म्हणून.
बघते तर रामहरीच्या ओट्यापुढे केशरबाई! शेजाऱ्यांनी बाजेवर घालून आणलेली. लई कण्हत होती. "कंबर धरली रे रामहरी. घोटभर पानी बी घेता येईना. लेक माझा तिकडं लांब. तुझी पोर ठिव माज्यापाशी, न्हाईतर मला मूठमाती देऊनच जा!"
योगिताची आई रडायला लागली. रामहरी बाजेपाशी उकिडवा बसला. मग म्हणाला, "म्हातारीला असं टाकून कसं जावं?" आणि ट्रकवर चढवलेली योगिताची पेटी खाली उतरवली.
मला आनंद व्हायला हवा होता. पण शाळा, दहावीचा अभ्यास, त्यात आजारी म्हातारीचं सगळं अंथरुणात करायचं — ते काय असतं, मला विचारा! एका ओझ्यातून सुटली, दुसऱ्यात अडकली पोरगी.

१३ ऑक्टोबर
योगिता शाळेत आली — वेळेवर! मधल्या सुट्टीत कानाशी येऊन म्हणाली, "बाई, ट्रक गेला तशी आजी बाजंवरून उठली. हिरीवरून घागर भरून आनली. मला म्हनली, तू अभ्यासाला बस."