मशीन लावूनच दे

प्रिय तुफान,

मेडिकल कॉलेजात या नावाने हाक मारली की तू खूश व्हायचास, आणि मला भिंगवाली म्हणायचास. तुझा निरोप मिळाला. पायाच्या शिरा फुगल्यात, उभं राहवत नाही, त्या मिटवायचं इंजेक्शन माझ्याच हातून हवंय. "पण सोनोग्राफीचं मशीन लावूनच दे हं," हे दोनदा लिहिलंयस. वाचून मला आनंद झाला. असा आनंद डॉक्टरला शोभतो का, हे रोजनिशीत लिहून पाहिलं. शोभत नाही. तरी झाला.

माझी धाकटी बहीण अशाच शिरांसाठी तुझ्याकडे आली, तेव्हाही मशीन तुझ्या खोलीत होतंच, कोपऱ्यात, कव्हर घालून. "ताई तर मशीन लावते," असं ती म्हणाली, तर तू हसलास. "तुझ्या ताईला भिंग लागतं. मला माझं बोट पुरतं." मशीनखाली दाब दिला की शीर चपटी होते आणि धमनी उडत राहते, पडद्यावर हे नवशिक्यालाही दिसतं. तुझ्या बोटाला दिसलं नाही. घोट्याजवळ औषध धमनीत गेलं. पाऊल काळंनिळं पडलं, दोन बोटं कापावी लागली, आणि तू सांगत सुटलास, "तिचं रक्तच तसलं." मी किती समजावलं, पण तिचं एकच: "एवढे मोठे डॉक्टर खोटं कशाला बोलतील, ताई?" इतकी वर्षं ती स्वतःच्याच रक्ताला दोष देत आली.

तुला दुसऱ्या कुणाकडे पाठवावं का, यावर पुष्कळ विचार केला. नाही पाठवणार. सुई शिरेतच जाईल, त्यात मी काही कमी ठेवणार नाही. पण "सुट्टीच्या दिवशी बोलव, आसपास कुणी नको" हे जमणार नाही. भरल्या दवाखान्यात ये, नंबर लावून.

हे पत्र एवढ्यासाठीच, की ऐनवेळी तू दारातून परत फिरू नयेस. निरोप तू दवाखान्याच्या फोनवर टाकलास. तो फोन माझी बहीण सांभाळते, आणि इंजेक्शननंतर पेशंटच्या पायात घट्ट मोजा चढवण्याचं कामही तिचंच. निरोप मला तिनेच वाचून दाखवला. 'मशीन'पाशी आली आणि थांबली. मग म्हणाली, "बोलव त्यांना, ताई. मोजा मीच चढवीन. माझं रक्त कसलं होतं, ते माझ्या पावलाकडे बघून सांगू दे."

तुझीच,
भिंगवाली